गोया सरल्या, मंग हे काऊन उठलं?



आणखी दोन दिवसांनी ३० जानेवारी. गांधीजींचा स्मृतिदिन आपण कुष्ठरोगविरोधी दिन म्हणून पाळतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या शाळेत एका कुष्ठरोग्याच्या मुलाला पहिल्या बाकावर बसवलं होतं, हे सभागृहातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. म्हणून आज मी कुष्ठरोगावरच बोलणार आहे. पण त्याच्या एका अशा भागावर, जो भाषणांत येत नाही, भिंतीवरच्या घोषणांत येत नाही आणि पुष्कळदा रुग्णाच्या कार्डावरही येत नाही.

आपल्या वाशीम गावाची एक आख्यायिका आहे. वासुकी नावाच्या राजाला कुष्ठरोग झाला. फिरत फिरत तो इथल्या एका तळ्याशी आला, त्यात त्यानं स्नान केलं आणि तो बरा झाला. मग त्यानं ते तळं मोठं बांधून काढलं. आपल्या गावाची ही गोष्टच मुळी कुष्ठरोग बरा होतो या आशेवर उभी आहे.

ते तळं आज आपल्याला खरोखर सापडलं आहे. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू पाहिला. १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानं रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधं एकत्र द्यायची शिफारस केली. हाच तो बहुविध औषधोपचार. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो फुकट मिळतो. पाकीट घ्या, कॅलेंडरसारख्या मांडलेल्या गोळ्या रोज खा आणि बरे व्हा.

पण आख्यायिका स्नानापाशी थांबते. राजाचं पुढं काय झालं? सहा महिन्यांनी त्याच्या कोपरात कळ उठली का? जुना चट्टा एका रात्रीत लाल होऊन सुजला का? तलवारीची मूठ धरताना करंगळी ढिली पडली का? याबद्दल गोष्ट काही सांगत नाही. मला आज तेच सांगायचं आहे.

माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. वेगळा जिल्हा १९९८ मध्ये झाला. एक म्हातारे शेतकरी समोर बसले, बाही वर केली आणि मला विचारलं, "डाक्टरसाहेब, गोया त सरल्या, मंग हे काऊन उठलं?" आजचं सगळं व्याख्यान म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिली गोष्ट : हे उठतं ते काय?

याला आम्ही 'रिॲक्शन' म्हणतो. औषधाची रिॲक्शन नव्हे, हे आधीच सांगतो. हा शब्द ऐकला की लोक गोळ्या बंद करतात, आणि तिथंच पहिला घात होतो. ही शरीराची जंतूविरुद्धची प्रतिक्रिया आहे.

शेतकऱ्यांच्या गावात आहोत, तर शेतातलंच उदाहरण घेऊ. रात्री सोयाबीनमध्ये रानडुकरं शिरली. सगळं गाव काठ्या घेऊन धावलं. डुकरं पळाली. पण सकाळी पाहावं तर डुकरांनी खाल्लं त्याहून जास्त पीक माणसांच्या पायांखाली आडवं झालेलं. कुष्ठरोगात नेमकं हेच होतं. या जंतूला थंडावा आवडतो. म्हणून तो कातडीत आणि कातडीजवळून जाणाऱ्या नसांमध्ये घर करतो. तिथं तो अगदी सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. वर्षानुवर्षं शरीर त्याच्याकडे डोळेझाक करतं. मग एके दिवशी शरीराला जाग येते आणि ते काठ्या घेऊन धावतं. लढाई नसेच्या आतच होते. नस सुजते. तिच्याभोवतीचं आवरण घट्ट असतं, त्यामुळं सुजेला पसरायला जागा नसते, आणि नस आतल्या आत चेंगरते.

आणि मंडळी, त्या म्हाताऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. गोळ्यांनी जंतू मरतो. पण मेलेला जंतू लगेच नाहीसा होत नाही. त्याचे अवशेष कातडीत आणि नसेत कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं पडून असतात. शरीर त्या मढ्यांवरही काठ्या चालवतं. म्हणून रिॲक्शन औषधाआधी येऊ शकते, औषध चालू असताना येऊ शकते आणि औषध संपल्यावरही येऊ शकते. रोग बरा झालेला असतो. माणूस कुणाला रोग देत नाही. तरी त्याचा हात धोक्यात असतो.

कुष्ठरोगात वाकडी झालेली बोटं आपण पाहतो. ती बोटं जंतूनं खाल्ली असं पिढ्यान् पिढ्या मानलं गेलं. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी उलगडून दाखवलं की बोटं झडत नाहीत. नस गेल्यामुळं कळ समजत नाही. मग चटका बसतो, काटा रुततो, जखम चिघळते आणि त्यातून हात-पाय खराब होतात. म्हणजे मुळाशी आहे ती नस, आणि नस ज्या दिवसांत जाते ते पुष्कळदा रिॲक्शनचे दिवस असतात. ते दिवस ओळखता आले तर हात वाचतो. या रोगातलं सगळ्यात मोठं निदान, माझ्या मते, हे दुसरं, रिॲक्शनचं निदान आहे.

दुसरी गोष्ट : तिची दोन रूपं

रिॲक्शन दोन तऱ्हांची असते. तपशील थोडा वैद्यकीय आहे, पण घरच्या माणसाला समजेल असा आहे.

पहिल्या प्रकारात जुने चट्टे जागे होतात. काल सपाट आणि फिका असलेला चट्टा आज लाल, फुगलेला, चकचकीत आणि हाताला गरम लागतो. कधी हातापायांवर, चेहऱ्यावर सूज येते. ताप बहुधा नसतो, माणूस हिंडता-फिरता असतो. म्हणूनच तो दुर्लक्ष करतो. पण नसेला सगळ्यात मोठा धोका याच प्रकारात असतो. आणि चेहऱ्यावर डोळ्याजवळचा चट्टा सुजला, तर पापणी मिटण्याची ताकद जाण्याची भीती असते.

दुसऱ्या प्रकारात जुना चट्टा तसाच राहतो आणि चांगल्या दिसणाऱ्या कातडीखाली दुखऱ्या, लालसर गाठी उठतात. चेहऱ्यावर, दंडावर, पोटऱ्यांवर. सोबत ताप, अंगदुखी, सांधेदुखी. कधी डोळा लाल होऊन उजेड सहन होत नाही, कधी पुरुषांच्या वृषणात सूज येते. गाठी काही दिवसांत विरतात, पुन्हा उठतात. हा फेरा महिनोन् महिने चालू शकतो. ज्यांच्या अंगात जंतू फार असतात, त्यांच्यात हा प्रकार होतो.

आणि तिसरी एक अवस्था आहे, तिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तिच्यात चट्टा लाल होत नाही, गाठ उठत नाही, कळही येत नाही. नस चुपचाप जाते. पायातली चप्पल निसटते आणि घरी येईपर्यंत कळत नाही. चुलीवरचं भांडं उचललं, फोड आला, पण चटका जाणवलाच नाही. न दुखणारी हानी कोण सांगणार? ती कुणीतरी मुद्दाम शोधावीच लागते.

तिसरी गोष्ट : ओळखायची कशी?

तुम्ही म्हणाल, यासाठी रक्ताची तपासणी असेल. नाही. रिॲक्शन आहे की नाही हे छापून देणारी रक्ताची एकही चाचणी आजमितीला रोजच्या वापरात नाही. रिॲक्शन ओळखतात ती विचारून, पाहून आणि हात लावून.

आता मला तुमची मदत हवी आहे. सगळ्यांनी उजवा कोपर वाकवा. डाव्या हाताचं बोट कोपराच्या टोकाच्या आतल्या अंगाला न्या. दोन हाडांच्या मध्ये एक खळगी लागेल. तिथं बोट हलकेच आडवं फिरवा. सुतळीसारखं काहीतरी बोटाखालून सरकलं? करंगळीत झिणझिणी गेली? कोपर खाटेला आपटला की जिच्यामुळं करंगळीपर्यंत मुंग्या येतात, तीच ही नस. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हिच्या भरवशावर आहे. कुष्ठरोगात ती जाड होते, कधी कळकाच्या काडीएवढी. आणि रिॲक्शनमध्ये नुसता स्पर्श केला तरी माणूस हात मागं ओढतो. तपासताना आम्ही रुग्णाच्या हाताकडे पाहत नाही, चेहऱ्याकडे पाहतो. कळ आधी चेहऱ्यावर उमटते.

अशाच नसा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या आतल्या बाजूला, मानेवर कानाखाली असतात. त्या चाचपायच्या. मग ताकद पाहायची. करंगळी बाहेर काढून दाब सहन करते का? अंगठा वर उभा राहतो का? मनगट मागं वळतं का? पाऊल वर उचललं जातं का? डोळा घट्ट मिटतो का? पाच हालचाली, पाच मिनिटं. प्रत्येकीपुढं लिहायचं : सशक्त, कमजोर की लुळं. शेवटी संवेदना. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, साध्या बॉलपेननं तळहाताला आणि तळपायाला ठरावीक ठिकाणी हलकेच टेकायचं आणि कुठं स्पर्श झाला ते बोट ठेवून दाखवायला सांगायचं. स्वस्तातलं पेन आणि पाच मिनिटांचा वेळ. एवढ्यावर एका माणसाचा हात ठरतो.

पण याहून मोलाची गोष्ट म्हणजे मागच्या महिन्याचा कागद. आज करंगळी कमजोर आहे हे कळलं, पण ती तीन वर्षांपासून कमजोर आहे की तीन आठवड्यांपासून, हे कशावरून ठरवायचं? मागच्या तपासणीची नोंद असेल तरच. म्हणून मी नव्या डॉक्टरांना सांगतो : रिॲक्शनचं निदान आजच्या दिवसात नसतं, आज आणि मागची तपासणी यांच्या फरकात असतं.

चौथी गोष्ट : चुकतं कुठं?

एक चूक माझीच सांगतो. रिसोडकडचा एक तरुण शेतमजूर तापानं फणफणून आला. गुडघे आखडलेले, हातांवर दुखऱ्या गाठी. मी हिवतापाची तपासणी केली, संधिवाताच्या गोळ्या दिल्या. तो बरा झाला, महिन्याभरानं परत आला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी आमचे एक जुने कुष्ठरोग तंत्रज्ञ तिथं उभे होते. त्यांनी काही न बोलता त्याच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, कपाळावरून अंगठा फिरवला. पाळी जाड होती. भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्या होत्या. मी गाठी पाहिल्या होत्या, सांधे पाहिले होते, माणूस पाहिला नव्हता. त्याला कुष्ठरोग होता, तो कधीच ओळखला गेला नव्हता, आणि रोगाची पहिली वर्दी रिॲक्शननंच दिली होती. ते दोन महिने मी त्याचे वाया घालवले. ते अजून सलतात.

दुसरी गोष्ट एका लेकीची. मानोरा भागातल्या तांड्यावरची. लग्नाआधी तिनं बारा महिन्यांचा उपचार पुरा केला होता. सासरी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि बाळ दोन महिन्यांचं असताना दंडावरचा जुना, विसरलेला चट्टा लाल होऊन उठला. शेजारच्या बाया म्हणाल्या, बाळंतिणीला वारं लागलं. एका ठिकाणी पित्ताचं औषध मिळालं, दुसरीकडे इंजेक्शन. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तसंच. ओळखलं कुणी? तिच्या आईनं. लेकीला बाळाच्या दुपट्याची गाठ मारता येईना. बोटांच्या चिमटीतून कापड निसटे. आईला वैद्यक ठाऊक नव्हतं, पण आपली पोर गाठ मारायला चुकत नाही हे ठाऊक होतं. ती तिला घेऊन माझ्याकडे आली.

बाळंतपणानंतरच्या महिन्यांत शरीराची लढण्याची शक्ती परत जागी होते आणि पहिल्या प्रकारची रिॲक्शन याच काळात उसळू शकते. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. त्या मुलीला ते कुणीही सांगितलं नव्हतं. शेवटचं पाकीट देताना आपण म्हणालो होतो, "झालं, तू बरी झालीस." खरं होतं ते, पण अपुरं होतं.

आणखी एक गोंधळ होतो, तो रोग उलटल्याचा. चट्टा पुन्हा दिसला की लोकांना वाटतं, गोळ्या फसल्या. रोग उलटतो तो सावकाश, बहुधा काही वर्षांनी, नवे चट्टे घेऊन. पहिल्या प्रकारची रिॲक्शन अचानक येते, जुन्याच चट्ट्यांना पेटवते, नसांत कळ घेऊन येते आणि योग्य औषधानं काही आठवड्यांत ओसरते. हा भेद सगळ्यांनी लक्षात ठेवला, तर पुष्कळांचं खचणं टळेल.

पाचवी गोष्ट : वेळ

नस जायला लागून सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाला, तर ती परत कामाला लागण्याची चांगली आशा असते. पुढं पुढं ही आशा कमी होत जाते. म्हणून मी म्हणतो, कुष्ठरोगात रोगाची घाई नसते, रिॲक्शनची असते.

उपचार काय? प्रेडनिसोलोन. प्रौढाला बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात, सकाळी जेवणानंतर, आणि दर दोन आठवड्यांनी उतरती मात्रा. बारा आठवडे, काहींना वीस किंवा त्याहून जास्त. आधी मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग पाहावा लागतो. हे औषध मनानं सुरू करू नये आणि मनानं तोडू तर अजिबात नये. कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवायच्या. दुखऱ्या नसेला झोळीनं किंवा फळीनं विसावा द्यायचा, तेवढे दिवस निंदण-खुरपण नाही.

दुसऱ्या प्रकारासाठी एक विलक्षण औषध आहे. थॅलिडोमाइड हे नाव काहींनी ऐकलं असेल. गर्भवतींनी घेतल्यामुळं हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ नंतर ते बाजारातून गेलं. १९६४ साली जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी वेदनेनं झोप न लागणाऱ्या कुष्ठरुग्णाला झोपेसाठी म्हणून ते दिलं आणि गाठी एक-दोन दिवसांत विरल्या. इतक्या दुःखाशी जोडलेलं औषध या एका यातनेवर उपकारक ठरलं. मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीला ते द्यायचं नाही, हा धडा मात्र जगानं फार मोठी किंमत देऊन शिकला आहे.

सहावी गोष्ट : हे काम कुणाचं?

विदर्भाला या कामाचा वारसा आहे. १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं. १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन वसवलं. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचं काम सुरू झालं, आणि घरोघर जाऊन पाहणी, शिक्षण आणि उपचार ही पद्धत तिथून देशभर गेली. परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याचं रुग्णालय आजही आपल्या भागातल्या रुग्णांच्या ओळखीचं आहे. या सगळ्यांत समान काय होतं? ज्याला शिवायचं नाही असं जगानं ठरवलं, त्याला त्यांनी हात लावला. आणि आज वैद्यकशास्त्र सांगतं की रिॲक्शन ओळखायची असेल तर हातच लावावा लागतो. दुसरं यंत्र नाही.

डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले, म्हणून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. ती मोठी कमाई होती. पण 'निर्मूलन' या शब्दानं आपली नजर सैल झाली. आजही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सामान्य आरोग्यसेवेत मिसळली, ते योग्यच झालं. त्या ओघात कोपर चाचपणारे अनुभवी हात मात्र एकेक करून निवृत्त झाले. आशाताई घरोघर जाऊन चट्टे शोधतात, त्यांना माझा नमस्कार. पण चट्टा शोधणं ही अर्धी वाट आहे. उरलेली अर्धी, रिॲक्शन शोधणं.

कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं, हेही कळलेलं आहे. बांगलादेशात अडीच हजारांहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा झाला. ज्यांना चट्टे जास्त होते आणि निदानाच्या दिवशीच नस थोडी अधू होती, त्यांच्यातल्या शंभरांपैकी पासष्ट जणांची नस पुढच्या दोन वर्षांत आणखी बिघडली. ज्यांना चट्टे थोडे आणि नस शाबूत, त्यांच्यात शंभरात एखादाच. म्हणजे पहिल्याच दिवशी करंगळी तपासली, तर पुढच्या दोन वर्षांत कुणाच्या दारी पुन्हा पुन्हा जायचं हे ठरवता येतं.

म्हणून मी तीन गोष्टी मागतो. डॉक्टरांकडे मागतो : ताप आणि गाठी, सुजलेला चट्टा, हाताला मुंग्या दिसल्या की एकदा कोपराला बोट लावा, कानाची पाळी धरा. आरोग्य कर्मचाऱ्यांकडे मागतो : शेवटचं पाकीट देताना कार्ड बंद करा, पण माणूस बंद करू नका. त्याला सांगा : चट्टा लाल झाला, गाठी उठल्या, डोळा लाल झाला, नस दुखली, हात-पाय ढिला पडला तर त्याच आठवड्यात या. आणि तुमच्याकडे, घरच्यांकडे मागतो : लपवू नका. २०१९ पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरलं जात नाही. कायद्यानं दार उघडलं आहे, उंबरठा आपण ओलांडायचा आहे.

त्या लेकीचं काय झालं, हे विचारायचं राहिलं असेल. ती आली त्याच्या तीन आठवडेच आधी नस कमजोर झाली होती, म्हणून वेळ होती. औषध सुरू झालं, बाळाला अंगावर पाजणंही चालू राहिलं. मी दर दोन आठवड्यांनी तिची करंगळी माझ्या बोटानं आत दाबत असे आणि ती बाहेर रेटायचा प्रयत्न करी. पहिल्या दोन भेटींत करंगळी सहज दबली. चौथ्या भेटीला तिनं थोडा विरोध केला. सातव्या भेटीला मी दाबलं आणि करंगळी हलली नाही. शेजारी बसलेल्या तिच्या आईला मी म्हटलं, "मावशी, आता तुम्ही दाबून पाहा." त्यांनी पाहिलं. मग काही न बोलता मांडीवरचं बाळ लेकीकडे दिलं, आणि दुपट्याची सुटलेली गाठ तिलाच मारू दिली.